मौलाना बोलतात, पण कुठे?

प्रश्न : दहशतवादी हल्ला झाला की मौलवी मंडळी गप्प का बसतात? मोरोक्को, इंडोनेशियासारखे मध्यममार्गी इस्लाम सांगणारे मौलवी आपल्या सरकारनेच का पुढे आणू नयेत?
– एक वाचक, दादर

उत्तर : गप्प बसतात हे मला मान्य नाही. २६/११ नंतर मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने त्या नऊ हल्लेखोरांना जागा द्यायला साफ नकार दिला. आमच्यात बेवारस मयतालाही माती मिळते, अनोळखी माणसं पुढे होऊन खांदा देतात. तिथे असा नकार म्हणजे काय, हे कुठल्याही मुसलमानाच्या घरी विचारा. वर्षाहून जास्त काळ ते मृतदेह जे. जे.च्या शवागारात पडून होते. शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुपचूप पुरले. देवबंदच्या दारुल उलूम मदरशाने तर हल्ल्याच्या आधीच, फेब्रुवारी २००८ मध्ये, परिषद भरवून दहशतवादाचा निषेध केला होता.

मोरोक्कोचं म्हणाल, तर २०१६ चा मराकेश जाहीरनामा चांगलाच आहे. मुस्लिम देशांतल्या अल्पसंख्याकांचे हक्क त्यात पैगंबरांच्या काळातल्या मदिनेच्या कराराच्या आधाराने मांडलेत. पण त्यामागे राजाश्रय होता. इंडोनेशियातली नहदलतुल उलमा ही १९२६ पासूनची, लोकांतून उभी राहिलेली संघटना. म्हणून २०१९ मध्ये ‘बिगरमुस्लिम नागरिकांना काफिर म्हणू नका’ असं तिच्या उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, सांगितलं, त्याला वजन आलं. आपल्याकडे ‘सरकारी मौलाना’ असा शिक्का एकदा बसला की त्याचं बयान (प्रवचन) संपायच्या आत पोरं चपला शोधायला लागतात.

माझी तक्रार वेगळीच आहे. बाहेरच्या हिंसेवर खणखणीत बोलणारे हेच लोक घरातल्या बायकांचा विषय निघाला की घसा खाकरतात. हाजी अली दर्ग्यातल्या मजारीपर्यंत, म्हणजे कबरीपर्यंत, बायकांना पुन्हा जाता यावं म्हणून २०१६ मध्ये हायकोर्टाला निकाल द्यावा लागला. ट्रस्ट त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तेव्हा कुठे राजी झाला.

आणि तुम्हाला हे बोलणं ऐकू येत नाही, कारण आमच्याकडे शुक्रवारच्या नमाजाचा खुतबा (धार्मिक भाषण) अरबीत आणि त्याआधीचं बयान उर्दूत. निदान बयान तरी मराठीत करा, असं मी आमच्या माहीमच्या ट्रस्टींना सांगितलं. ते म्हणाले, “सर, मराठीत बोलणारा मौलाना आणायचा कुठून?”

म्हटलं, कोकणातल्या म्हसळा-श्रीवर्धनकडून आणा, तिथले मुसलमान मराठी बोलतात. विषय अजून कमिटीपुढे आहे.