पांगुळगाड्याची दांडी बदला, गाडा नातवाला द्या

प्रश्न : काका, माळा आवरताना यजमानांचा पांगुळगाडा सापडला. सासूबाईंनी सावंतवाडीहून आणलेला. त्यावर यजमान चालायला शिकले, मग माझी दोन्ही मुलं. आता नातू दहा महिन्यांचा आहे, धरून उभा राहतो. त्याला गाडा द्यावा असं फार वाटतं. पण सूनबाई म्हणते, जुना रंग पोटात जाईल, शिवाय डॉक्टरांनी वॉकर नको म्हणून सांगितलंय. मुलगा म्हणतो, नवा ऑइलपेंट मारून शोकेसमध्ये ठेवू. काय करू?
– एक आजी, चिपळूण

उत्तर : ताई, सूनबाईंच्या दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांना जुन्या वस्तूंचं वावडं आहे असं मनात आणू नका.

आधी वॉकरचं बघू. डॉक्टर नको म्हणतात तो बसायचा वॉकर. त्यात बाळ लटकलेलं असतं आणि पायाची बोटं टेकवत सुसाट सुटतं. पुढे जिना आहे की उंबरा, त्याला कळत नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. पांगुळगाड्यात मूल बसत नाही. स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, दमलं की दांडी सोडून खाली बसतं. फक्त लादीचं भान ठेवा. आमच्या लहानपणी सारवलेली जमीन चाकांना धरून ठेवायची. गुळगुळीत लादीवर गाडा पुढे पळतो आणि पोर तोंडावर येतं. चाकांच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा, सतरंजी अंथरा, आणि कुणीतरी शेजारी बसा. घरच्या डॉक्टरांना गाडा एकदा दाखवलात तर उत्तमच.

आता रंग. माझे वडील कातारी होते. लेथवर लाकूड गरगर फिरत असे आणि ते लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबून धरत. ब्रश नाही, आग नाही. घासून जी ऊब येते तिनेच लाख मऊ होऊन लाकडावर चढत जाई. वर केवड्याचं पान दाबलं की अशी चकाकी यायची की त्यात माझं तोंड दिसे. तो जळकट गोड वास मला अजून आठवतो. पण अशी लाख फक्त गोल, कातलेल्या भागावर चढते. म्हणजे तुमच्या गाड्याच्या चाकांवर आणि दांडीवर लाख असू शकेल. मधल्या सपाट फळ्यांवर ब्रशचाच रंग असणार. सावंतवाडीच्या चितारआळीतली, पांगाऱ्याच्या लाकडाची आंबे-काजूंची फळंही अशीच हाताने रंगवलेली.

लाख म्हणजे किड्याने झाडावर केलेला चीक, तिची भीती नाही. भीती तिच्यात कालवलेल्या रंगाची. पूर्वी पिवळ्यासाठी हरताळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज आणि तांबड्यासाठी हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज वापरत, आणि दोन्ही विषारी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा आपला नियमच २०१६ चा. तेव्हा तुमच्या गाड्याचा रंग खाण्याजोगा आहे, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

म्हणून दांडी बदला. दात येणारं मूल उभं राहिलं की तोंड नेमकं दांडीपाशी येतं. बघा, जुन्या दांडीवर बारीक खळगे असतील. ते यजमानांच्या आणि मुलांच्या दातांचे. कातकाम करणाऱ्याकडून तेवढ्याच जाडीची, शिवणीच्या लाकडाची नवी दांडी करून घ्या, रंग नको, नुसती घोटून गुळगुळीत. वर खोबरेल तेलात वितळवलेलं मेण चोळा. जुनी मात्र टाकू नका. मुलाच्या शोकेसमध्ये ती ठेवा.

बाकीच्या रंगावरून नख फिरवा. पोपडे सुटत असतील तर गाडा नातवाला अजून देऊ नका, आणि घरात पॉलिशपेपर तर मुळीच मारू नका. ती धूळ सगळ्यात वाईट. सुताराला सांगा, बाहेर अंगणात, ओल्याने खरवडून लाकूड उघडं करायचं. रंग घट्ट असेल तर ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा, आणि खेळ झाला की गाडा उचलून ठेवा, म्हणजे चाकं चाटली जाणार नाहीत. नवा ऑइलपेंट नको. माझ्याकडे दुरुस्तीला अशी रंगवलेली बरीच खेळणी येतात. खालची फुलं, वेलबुट्टी कायमची गेलेली असते आणि मला काही करता येत नाही. जीव हळहळतो.

चाकांचा आस वाजत असेल तर थोडं मेण पुरेल. तो आवाज पूर्ण बंद करू नका, पोरं त्या खडखडाटामागेच चालतात.

आणि सुताराला एक आवर्जून सांगा: नवी दांडी सरसाने चिकटवायची नाही, खिळाही ठोकायचा नाही. लाकडी खुंटीने बसवायची. नातवाच्या दातांनी तीही खराब होईल, तेव्हा खुंटी ठोकून बाहेर काढता यायला हवी.