झोपताना चिनी गोष्ट सांगू का?

प्रश्न: मी मुलुंडला राहते. ऑफिसच्या कामासाठी वर्षभर चिनी भाषा शिकतेय, ट्रेनमध्ये अ‍ॅपवर शब्द पाठ करते आणि आठवड्यात विसरते. मुलगा 6 वर्षांचा आहे, त्याला रोज रात्री गोष्ट लागतेच. चिनी लोककथा सांगितल्या तर दोघांचंही काम होईल का? पुस्तकं आणली, पण वाचून दाखवताना गोष्टीत जीवच येत नाही.

उत्तर: ताई, जरूर सांगा, पण पुस्तक बाजूला ठेवा. गोष्ट अख्खी मराठीत सांगायची आणि चिनी फक्त एक ओळ, तीच ओळ रोज. त्यांच्याकडे चार अक्षरी म्हणी असतात, छंग-यू म्हणतात, आणि बऱ्याच म्हणींमागे आख्खी गोष्ट असते.

माझी लाडकी सांगते. प्राचीन चीनमधल्या सोंग राज्यातला एक शेतकरी, रोपं वाढतच नाहीत म्हणून बेचैन, तर एक दिवस शेतात जाऊन त्याने एकेक रोप थोडं थोडं वर ओढलं आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाला आज फार दमलो बुवा, रोपांना वाढायला मदत केली, ते ऐकून त्याचा मुलगा शेताकडे धावत सुटला, बघतो तर सगळी रोपं माना टाकून पडलेली. चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसच्या ग्रंथातली ही गोष्ट 2000 वर्षांहून जुनी आहे, पण गावी भाताची लावणी बघितलेल्या पोराला लगेच कळते. म्हण आहे, पा म्याओ चू चांग, म्हणजे रोप ओढून वाढायला मदत करणं. म्याओ म्हणजे रोप! मुलगा इथे हसणारच, आणि हसला की तो शब्द तुम्हीही विसरणार नाही.

उच्चार वहीत देवनागरीतच लिहा. रोमन लिपीत त्या पा साठी बी (b) हे अक्षर लिहितात, पण कानाला तो आपला प च असतो, तसंच डी म्हणजे त आणि टी म्हणजे थ, आणि झेड चक्क आपल्या चाकातला च. त-थ आपण लहानपणापासून वेगळे ऐकतो, इंग्रजीच्या वाटेने गेलं की हे हातचं जातं. सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार, तेवढे देवनागरीत दिसत नाहीत म्हणून वर बाण काढा, पा आणि म्याओ चढते, आपण "काय?" विचारतो तसे, चू वरून खाली आपटतो, चांग खालीच दबलेला.

दुसरी घ्या विहिरीतल्या बेडकाची, समुद्रातलं कासव त्याला समुद्र किती मोठा ते सांगतं. आपल्याकडे कूपमंडूक आहेच, त्यामुळे अर्थ समजवावा लागत नाही. आणि पौर्णिमेला चंद्रदेवी छांग-अ ची, ती चंद्रावर गेली आणि तिथे जेडचा (हिरव्या मौल्यवान दगडाचा) ससा खलात औषध कुटतो. 2025 मध्ये त्यांचा मध्य-शरद सण आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी आली होती, 6 ऑक्टोबरला. चीनने 2013 मध्ये चंद्रावर गाडी उतरवली तिचं नावही यू-थू, जेडचा ससा, हे मुलाला नक्की सांगा.

एक मात्र करू नका, गोष्ट संपल्यावर शब्द विचारू नका, तो अर्धा झोपेत असतो आणि परीक्षा वाटली की उद्या गोष्टच नको म्हणेल.

नियान राक्षसाची गोष्टही रात्री नको, तो माणसं खायला येतो. लाल रंगाला आणि फटाक्यांना घाबरून तो पळतो, ती चिनी नववर्षाला माझगावच्या सी यिप मंदिरात नेऊन सांगा, तिथे लाल रंग समोरच दिसेल.