सर्व्हरचं राहू द्या, लोकांचे आठ-आठ हजार कुठेत ते सांगा

पत्र नाशिकच्या एका ताईंचं आहे, वय ४७, वधू-वर सूचक मंडळ चालवतात. लांबलचक आहे, त्यातलं कामाचं तेवढं देतो:

"मंडळाची वेबसाईट शेअर्ड होस्टिंगवर आहे, वर्षाला पाच हजार पडतात. दर रविवारी ४,२०० सभासदांना नवीन स्थळांचा मेल पाठवते पण होस्टिंगवाल्यांचं तासाला २०० मेलचं लिमिट आहे, त्यामुळे बहुतेकांना मेल पोचतच नाही. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला की लोक फोन करून भांडतात. वेबसाईटवाला म्हणतो स्वतःचा डेडिकेटेड सर्व्हर घ्या, महिना साडेसहा हजार अधिक जीएसटी, तीन वर्षांचे एकदम भरायचे, मेल सगळ्यांना गेले की नोंदण्या दुप्पट होतील. पैसे क्रेडिट कार्डवर २४ महिन्यांच्या ईएमआयने भरू की पॉलिसीवर लोन काढू? स्वस्त काय पडेल? पॉलिसी मोडायची नाहीये, योजनेचे पैसे तिथे सुरक्षित आहेत."

ताई, दोन्ही नको. सर्व्हरच नको. आधी हे उरकून टाकू, कारण खरं बोलायचंय ते तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल, म्हणजे ज्या योजनेत लग्न नाही जमलं तर सभासदांना आठ-आठ हजार परत द्यायचेत तिचे पैसे तुम्ही विमा पॉलिसीत घातलेत त्याबद्दल.

लिमिट का असतं ते वेबसाईटवाल्याने सांगितलेलं दिसत नाही. शेअर्ड होस्टिंगमधे एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाईटी असतात आणि सगळ्यांचे मेल बहुतेक वेळा एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या एकाच नंबरावरून, बाहेर पडतात. बँकेच्या यादीत एखादी अख्खी वसाहत निगेटिव्ह एरिया म्हणून असते ना, तिथल्या वेळेवर हप्ते भरणाऱ्यालाही लोन मिळत नाही, तसंच हे, एकाने स्पॅम सोडला की तो आयपी स्पॅमहाउससारख्या ब्लॅकलिस्टवर जातो आणि सगळ्यांचेच मेल अडकतात. म्हणून कंपन्या तासाला शंभर, दोनशे, कुठे पाचशे असं लिमिट घालतात, आणि बऱ्याच ठिकाणी एकच मेल बीसीसी करून शंभर जणांना पाठवला तरी तो शंभरच मोजतात, तेव्हा ती पळवाट नाही. लिमिटच्या थोडे वर गेलेले मेल रांगेत थांबतात, त्याच्याही पुढचे सरळ टाकून दिले जातात. तुम्ही रविवारी सकाळी एका झटक्यात ४,२०० सोडता, मग काय होणार?

आता गणित. ४,२०० भागिले २०० म्हणजे २१ तास. पासवर्डचे, चौकशीच्या फॉर्मचे मेल जायला जागा ठेवून तासाला १५० धरा, २८ तास. शनिवारी दुपारी सुरू केलंत तर रविवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना मेल गेलेला असेल. वेबसाईटला जोडायच्या मेल पाठवणाऱ्या बहुतेक प्लगिनमधे तासाला किती सोडायचे ही सेटिंग असतेच, शून्य रुपये. स्थळाचा मेल रविवारी सकाळी नऊच्या ऐवजी दुपारी चारला आला म्हणून कोणाचं लग्न मोडत नाही.

तेही नको असेल तर मेल पाठवायचं काम होस्टिंगकडून काढून घ्या. अॅमेझॉनची एसईएस सेवा हजार मेलला दहा सेंट घेते. तुमचे महिन्याला १८ हजार मेल होतात, म्हणजे दोन डॉलरसुद्धा नाही, टॅक्सबिक्स धरून दोनशे रुपये म्हणू. सुरुवातीला दिवसाला २०० मेलचंच बंधन असतं, ते उठवायला त्यांना लिहून कळवावं लागतं की आम्ही कोण, मेल कोणाला पाठवतो, लोकांनी संमती दिलीय का. जोडून द्यायचे वेबसाईटवाल्याने पाच हजार घेतले तरी तीन वर्षांचा खर्च बारा-तेरा हजार.

आणि सर्व्हरचा? साडेसहा हजार गुणिले ३६, त्यावर १८ टक्के जीएसटी, पावणेतीन लाख. कार्डच्या ईएमआयने घेतलात, व्याज १६ टक्के धरलं, तर महिन्याला साडेतेरा हजार, आणि व्याज, व्याजावरचा जीएसटी, प्रोसेसिंग फी असं सगळं मिळून सव्वातीन लाखाच्या वर. एवढं करून नवीन सर्व्हरचा आयपी जीमेलच्या दृष्टीने अनोळखीच, पहिल्याच रविवारी ४,२०० मेल सोडलेत तर बरेचसे स्पॅममधे जाऊ शकतात. त्याचे सिक्युरिटी अपडेट कोण करणार ते पत्रात नाहीच. वेबसाईटवाल्याला विचारा की या विक्रीत त्याला किती सुटतात, तोंड बघा फक्त.

फुकटात करायचं एक काम मात्र आहे. डोमेनवर, म्हणजे वेबसाईटच्या नावावर, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तीन रेकॉर्ड नीट लावून घ्या, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे त्यावरून जीमेलला कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबतीत कडक झालेत, दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर तिन्ही सक्तीचे आहेत आणि एका क्लिकमधे यादीतून बाहेर पडायची सोयही द्यावी लागते. तुम्ही त्याच्या आत आहात, तरी लावा. लग्न झालेल्यांचे आणि बंद पडलेले पत्तेही यादीतून काढा, ४,२०० मधले हजारेक तरी असतील.

"नोंदण्या दुप्पट होतील" याचं मला हसूच आलं, रागावू नका. रविवारचा मेल ज्यांनी नोंदणी केलीय त्यांनाच जातो ना? मग तो पोचला म्हणून नवीन माणूस कुठून येणार!

शिवाय सर्व्हरचा वर्षाचा खर्च ९२ हजार, तो निघायला किती नोंदण्या लागतील ते मी काढायला बसलो. तुम्ही म्हणाल ११,००० ची एक नोंदणी, म्हणजे आठ-नऊ जण पुरे. नाही ताई. तुमच्या पावतीवर छापलंय की 'लग्न जमेपर्यंत' योजनेत ११,००० भरायचे आणि तीन वर्षांत आमच्याकडून नाही जमलं तर ८,००० परत. म्हणजे तुमचे नक्की असे तीनच हजार. ९२ हजाराला ३१ नोंदण्या लागतात, आणि या वर्षी तुमच्या एकूण नोंदण्याच ३० आहेत.

इथून पुढे सर्व्हर विसरा. योजना २०२४ च्या पाडव्याला सुरू केलीत, पहिल्या वर्षी ६०, मग ५०, यंदा ३०, एकूण १४० जण. जमा झाले १५ लाख ४० हजार. त्यातले पाच लाख पॉलिसीच्या दोन हप्त्यांत गेले, अडीच लाख डिसेंबरच्या तिसऱ्या हप्त्यासाठी बचत खात्यात ठेवलेत, आणि उरलेले आठेक लाख गाळ्याचं डिपॉझिट, वेबसाईट, लॅपटॉप आणि लेकीच्या इंजिनिअरिंगच्या फीमधे संपले. परत द्यायची वेळ आली तर द्यायचे किती? सगळ्यांना द्यावे लागले तर ११ लाख २० हजार. अर्ध्यांची जमतात असं तुम्ही म्हणता, ठीक, अर्धे धरू, ५ लाख ६० हजार. मला अर्धे हा आकडा आशेचा वाटतो, कारण ज्याचं दुसरीकडून जमलं तोही तुम्हाला कशाला कळवेल, आठ हजार कोण सोडतो?

हे पैसे एकदम जाणार नाहीत. २०२७ च्या पाडव्यापासून वर्षभरात २ लाख ४० हजार, त्याच्या पुढच्या वर्षी दोन लाख, मग १ लाख २० हजार. म्हणजे तीन वर्षांत परत करायचं लोकांचं देणं, आणि ते तुम्ही ठेवलंत कुठे तर वीस वर्षांच्या विमा पॉलिसीत, ज्यात दहा वर्षं अडीच-अडीच लाख भरायचेत! याला सुरक्षित म्हणायचं का? एजंटला हे पैसे कुठून येतायत हे माहीत होतं असं तुम्हीच लिहिलंय, आणि तरी त्याने हा प्लॅन गळ्यात मारला, त्याला मी दुसरा शब्द वापरला असता पण इथे छापता येणार नाही.

"२५ लाख भरा, ५० लाख घ्या, दुप्पट." ऐकायला छान आहे. पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं, सरासरी साडेपंधरा वर्षं. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. एजंट म्हणेल करमुक्त आहे. तुमच्या उत्पन्नावर टॅक्स तसाही कितीसा बसतो?

पॉलिसीवरच्या लोनचंही तसंच. लोन सरेंडर व्हॅल्यूवर, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर जे हातात येईल त्यावर मिळतं, भरलेल्या रकमेवर नाही. दोन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर व्हॅल्यू भरलेल्याच्या तीसेक टक्के, म्हणजे दीड लाख, लोन त्याहून कमी. पावणेतीन लाखाचं लोन तिथे निघणारच नाही, तेव्हा तुमच्या प्रश्नातला एक पर्याय मुळात नव्हताच.

आता करायचं काय. डिसेंबरचा हप्ता भरू नका. ते अडीच लाख २०२७ च्या पाडव्यापासून वर्षभरात लागणाऱ्या पैशांइतकेच आहेत, एफडीत टाका, मंडळाचं वेगळं खातं काढून. मग कंपनीकडून, एजंटकडून नव्हे, सरेंडरचा लेखी आकडा मागा. तुमची पॉलिसी डिसेंबर २०२४ ची आहे, ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून ते वर्ष पुरं झालं की हमीच्या रकमेहून वेगळी काढलेली स्पेशल सरेंडर व्हॅल्यू मिळते, ती दीड लाखापेक्षा बरी निघू शकते. पेड-अप करून ठेवा, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच राहू द्या, असा सल्ला येईल, एरवी मी तो ऐकलाही असता, पण ते पैसे पॉलिसीची वीस वर्षं संपल्यावर मिळणार आणि देणं त्याच्या आधी कधीच येऊन गेलेलं असणार. "अजून एक वर्ष भरा, व्हॅल्यू वाढेल" असंही म्हणतील. वाढते, हमीची व्हॅल्यू साडेसात लाखावर ३५ टक्के, दोन लाख ६० हजार. म्हणजे अडीच लाख घालून लाखभर जास्त.

हातातले अडीच आणि सरेंडरचे दीड, चार लाख झाले. द्यायचे ५ लाख ६० हजार. खड्डा १ लाख ६० हजारांचा, तो अडीच वर्षांत भरायला महिन्याला साडेपाच हजारांची आरडी लागेल. ज्या ताई साडेतेरा हजारांचा ईएमआय भरायला तयार होत्या त्यांना हे जड जाऊ नये. आणि ती योजना आजपासून बंद, नवीन नोंदणी साध्या फीची, तीन-चार हजार, परतावा नाही. नव्यांच्या पैशांतून जुन्यांचे परत करायचे असं तुमच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका, नोंदण्या ६० वरून ३० वर आल्यात, हा हिशोब कुठे जातो ते तुम्हाला दिसतंय. परत द्यायचे ८,००० आजवर उत्पन्नात धरले की देण्यात, आणि अशी योजना ठेवींच्या कायद्यात अडकते का, हे दोन्ही तुमच्या सीएला या महिन्यातच विचारा.

"पॉलिसीत सगळं कव्हर आहे" असंही एका ओळीत लिहिलंय. त्यात हॉस्पिटलचं बिल नाहीये. कुटुंबाचा आरोग्य विमा वेगळा घ्या, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. लेक कमवायला लागेपर्यंत साधी टर्म पॉलिसी, म्हणजे नुसता जीवनाचा विमा, पण घ्या, आणि ती हातात येईपर्यंत सरेंडरच्या फॉर्मवर सही करू नका.

हप्ता ऑटो डेबिटने जातो असं दिसतंय, म्हणजे तुम्ही ठरवलंत तरी डिसेंबरमधे अडीच लाख आपोआप उडतील. आधी बँकेत जाऊन तो मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची दिलेली परवानगी, लेखी रद्द करा आणि पोच घ्या. एजंटला त्यानंतर सांगितलंत तरी चालेल.