पोस्टग्रेस डेटाबेस सकाळी वेगवान आणि दुपारनंतर संथ का होतो? मेमरीचा हिशेब कुठे चुकतो?

आपण दिलेल्या माहितीनुसार सर्व्हरला ६४ जीबी रॅम आहे, शेअर्ड बफर्स (डेटाबेसच्या सर्व प्रक्रिया मिळून वापरतात ती सामायिक मेमरी) १६ जीबी आहेत आणि अ‍ॅप्लिकेशन ५०० कनेक्शन दिवसभर उघडी ठेवते. क्वेरीचा प्लॅन (ती चालवण्याची डेटाबेसने ठरवलेली पद्धत) सकाळी आणि दुपारी तोच असतो, पण दुपारनंतर स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वापरला जाऊ लागतो आणि प्रक्रियांची खासगी मेमरी मोजूनही हिशेब जुळत नाही. डेटाबेस पुन्हा सुरू केला की काही तास सारे सुरळीत चालते. या लक्षणांवरून मी क्वेरी आणि इंडेक्स तूर्त बाजूला ठेवीन आणि लिनक्सच्या मेमरी व्यवस्थेकडे आधी पाहीन.

लिनक्स स्वतःची स्थिती दाखवतो त्या प्रॉक निर्देशिकेतील मेमइन्फो या फाइलमध्ये ‘पेजटेबल्स’ नावाची एक ओळ असते. माझा अंदाज आहे की पाणी तिथेच मुरते आहे. लिनक्स मेमरी ४ केबीच्या पानांत वाटतो आणि कोणते पान कुठे आहे याची नोंद प्रत्येक प्रक्रियेसाठी वेगळी ठेवतो. अशी एक नोंद ८ बाइटची असते. १६ जीबीचे शेअर्ड बफर्स म्हणजे सुमारे ४२ लाख पाने, म्हणजेच एका प्रक्रियेमागे ३२ एमबी नुसत्या नोंदी. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवतो आणि बफर सामायिक असले तरी या नोंदी सामायिक नसतात. त्यामुळे ५०० कनेक्शनांच्या नोंदी वाढत वाढत १६ जीबीच्या जवळ पोहोचू शकतात, म्हणजे जेवढे बफर तेवढीच त्यांची वही! प्रक्रिया एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लावते तेव्हाच त्याची नोंद तयार होते, म्हणून सकाळी हा आकडा लहान असतो आणि कनेक्शन जितके जुने होते तितका तो फुगत जातो. चालू प्रक्रिया दाखवणाऱ्या ‘टॉप’ या आज्ञेत प्रक्रियेसमोर दिसणाऱ्या मेमरीत या नोंदी धरलेल्या नसल्यामुळे त्या सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत.

मी सांभाळत असलेल्या एका ३२ जीबीच्या सर्व्हरवर हेच घडले होते. बफर ८ जीबी होते, कनेक्शन चारशेच्या आसपास होती आणि दुपारी तीनच्या सुमारास ‘पेजटेबल्स’ ५ जीबीच्या पुढे गेलेले दिसले. मेमरीची हालचाल दाखवणारी ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा दर सेकंदाला चालवून ठेवली होती. त्यातील स्वॅपमधून आत आणि बाहेर जाणाऱ्या पानांचे दोन्ही रकाने, जे सकाळी शून्य होते, ते आता शून्यावर येतच नव्हते. त्याआधीचे दोन दिवस आम्ही क्वेरी तपासण्यात घालवले होते, आणि ते मला आजही खटकते.

यावर खरा उपाय ह्यूज पेजेसचा, म्हणजे मोठ्या आकाराच्या पानांचा, आहे. २ एमबीचे पान वापरले की १६ जीबीसाठी ८,१९२ नोंदी पुरतात आणि ही पाने स्वॅपमध्येही जात नाहीत. नेमकी किती पाने राखून ठेवायची हे पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस स्वतःच सांगतो: सर्व्हर बंद असताना ‘पोस्टग्रेस’ आज्ञेला ‘सी’ पर्यायासह ‘शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस’ हे नाव द्यावे. मिळालेला आकडा सिसिटीएल या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंग्जमधील ‘एनआर ह्यूजपेजेस’मध्ये लिहून मशीन रीबूट करणे चांगले, कारण बराच काळ चालू असलेल्या मशीनवर सलग २ एमबीचे तुकडे पुरेसे मिळतीलच असे नाही. पोस्टग्रेसच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘ह्यूज पेजेस’ची मूळ किंमत ‘ट्राय’ असते, ती ‘ऑन’ करावी. ‘ट्राय’ असताना पाने कमी पडली तर डेटाबेस मुकाट्याने ४ केबीवर परततो. ‘ऑन’ असताना तो सुरूच होत नाही, आणि तेच मला अधिक सुरक्षित वाटते. आमच्याकडे या बदलानंतर ‘पेजटेबल्स’ २०० एमबीच्या खाली राहिले.

ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस, म्हणजे कर्नल आपणहून मोठी पाने वापरतो ती सोय, हा वेगळा प्रकार आहे आणि दोघांची गल्लत फार होते. तो मुख्यतः प्रक्रियेच्या खासगी मेमरीवर चालतो, त्यामुळे तो चालू असल्याने शेअर्ड बफर्सचा प्रश्न सुटत नाही. उलट सलग जागा करण्यासाठी कर्नल मध्येच पाने हलवत बसतो आणि सीपीयूचा सिस्टिम वाटा अचानक वाढतो. प्रॉकमधील व्हीएमस्टॅट फाइलमध्ये ‘कॉम्पॅक्ट स्टॉल’चा आकडा झपाट्याने वाढत असेल तर ट्रान्स्परंट ह्यूज पेजेसची किंमत ‘नेव्हर’ किंवा ‘मॅडव्हाइज’ करावी.

स्वॅपिनेस (कर्नलने स्वॅपकडे किती सहज वळावे हे ठरवणारी किंमत) मूळ ६० असते, ती मी १० वर आणतो. स्वॅप पूर्ण बंद मात्र करू नये. मेमरी संपली की कर्नल एखादी प्रक्रिया मारतो, आणि पोस्टग्रेसची एक प्रक्रिया अशी मारली गेली तर उरलेली सर्व कनेक्शन तोडून डेटाबेस रिकव्हरीत (स्वतःला पुन्हा सावरून घेण्याच्या टप्प्यात) जातो. ५०० कनेक्शनांची खरोखर गरज आहे का, हेही अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांना विचारावे. मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) ठेवून ती शंभराच्या आत आणता आली, तर नोंदींचा हा भार ह्यूज पेजेसविनाही पाचव्या हिश्श्यावर येईल.

आज दुपारी सर्व्हर संथ झाला की तो लगेच पुन्हा सुरू करू नका. आधी मेमइन्फोची प्रत काढून ठेवा आणि ‘पेजटेबल्स’चा आकडा इथे कळवा.