लंगरात सेवेला राहणार असाल तर

नांदेडच्या गुरुद्वारात लंगरसेवेसाठी, म्हणजे तिथल्या सामूहिक स्वयंपाकघरात सेवा करायला, आठ-पंधरा दिवस राहायचं ठरवलंत, फार चांगलं. सामान मात्र कमी आणा: सुती कपड्यांचे तीन जोड, डोक्याला बांधायला दोन सुती रुमाल, एक चादर. सिंथेटिक ओढणी चुलीपाशी नकोच, पेटली की वितळून कातडीला चिकटते. तंबाखूची पुडी घरीच सोडा. इथे ती खिशातसुद्धा चालत नाही.

सुरुवात भांडी घासण्यापासून करा, सगळ्यांशी ओळख तिथेच होते.

डाळीवर हात बसायला वेळ लागतो. अरदास, म्हणजे प्रार्थना, होऊन भोग लागेपर्यंत अन्न कुणी चाखत नाही, म्हणून मीठ जिभेवर नाही, वजनकाट्यावर ठरतं. शंभर माणसांना ६ किलो कोरडी डाळ धरा. शिजून साधारण ३० लिटर होते. तिला पाव किलो मीठ, तेही डाळ मऊ झाल्यावर. पाणी वाढवलंत तर लिटरमागे ८ ग्रॅम मीठ वाढवा. डाळ तळाला बसते आणि तिथेच लागते, म्हणून उलथणं तळाला टेकवूनच फिरवा. जळका वास आलाच तर ढवळू नका, खरवडू तर मुळीच नका. आच बंद करून वरची डाळ अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा.

पंगतीत प्रशादा, म्हणजे पोळी, ताटात टाकू नका. समोरच्याने दोन्ही हात पुढे केले की त्यांत ठेवा.

निवासात दिवा लवकर मालवा, शेजारचा पहाटे कणीक मळायला उठणार असतो. आपली पाळी चुकणार असेल तर आदल्या रात्रीच सांगा.