कमान राहू द्या, आधी आईची पेन्शन

प्रश्न: बाबा महार रेजिमेंटमध्ये होते, १९७१ ची लढाई लढले. रिटायर होऊन गावी आले आणि पुढचं सगळं आयुष्य आम्हाला दिलं. पुढच्या महिन्यात त्यांचा पहिला स्मृतिदिन आहे. थोरल्या भावाला गावात त्यांच्या नावाची कमान उभारायचीय, धाकट्याला स्मरणिका काढायचीय. दोघं बोलेनासे झालेत. आई गप्प असते. नावाच्या घोळामुळं तिच्या पेन्शनचंही अडलंय, बँकेत चकरा चालू आहेत. भावांना एकत्र कसं आणू? (पत्र संक्षिप्त)
– एक शिक्षिका, जिंतूर तालुका

लेकी, कमानीवर आणि स्मरणिकेवर तू तीन पानं लिहिलीस आणि पेन्शन एका ओळीत उरकलीस. माझं मन त्या ओळीवरच अडकलं.

म्हणजे जवळपास वर्ष झालं, तुझ्या आईच्या हातात स्वतःचा रुपया नाही. बीपीच्या गोळ्यांना नाही, नातवाच्या हातावर ठेवायला नाही. तूच लिहिलंयस, बाबा सीमेवर असताना मनीऑर्डर कधी चुकली नाही. गावी आल्यावरही पेन्शन काढली की आधी आईच्या हातात ठेवायचे. नोव्हेंबर लागला की इस्त्रीचा शर्ट घालून हयातीचा दाखला द्यायला बँक उघडायच्या आधी दारात उभे. अशा माणसाची बायको आज पन्नास रुपयांसाठी सुनेच्या तोंडाकडे बघत असेल, तर ती गप्प का असते हे मला विचारू नकोस.

भावांचा राग आलाच, पण तुझा जास्त आला. शाळेतल्या पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म तू भरतेस. नावातली एक वेलांटी चुकली तर काय होतं, हे तुझ्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक? आईच्या कागदांना तुझा हात का लागला नाही?

घोळ जगावेगळा नाही. पलटणीत बायकोचं नाव लिहून दिलं ते एक, आधारवर चढलं ते दुसरंच. कितीतरी फौजींच्या घरात हेच निघतं. बँकेच्या खिडकीवर ते सुटत नाही. परभणीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं जा. बाबांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, पासबुक आणि दोघांचा एकत्र फोटो असेल तर तोही सोबत घे. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र लागेल. आणखी काय हवं ते तिथले लोक सांगतील, बहुतेक स्वतः माजी सैनिकच असतात. नावाची दुरुस्ती मध्य प्रदेशात सागरला महार रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथून होते. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, त्यामुळं मागची थकबाकीही आईला मिळेल. मधल्या एजंटाला दमडी देऊ नकोस.

भावांना एकत्र आणायला मी काही सांगणार नाही. आईच्या खात्यात पहिली पेन्शन जमा होईपर्यंत कमानीचं आणि स्मरणिकेचं नाव घरात काढायचं नाही, एवढं दोघांना समोर बसवून सांग. स्मृतिदिनाला बुद्धवंदना घ्या, घरच्यांनी जेवा, बास. आणि सोमवारी शाळेत रजा टाक. आईला बसच्या गर्दीत नेऊ नकोस, थोरल्याला गाडी काढायला लाव. धाकट्याला झेरॉक्सच्या रांगेत उभा कर.