त्रिकोणाच्या रंगावर जाऊ नका
कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण माणसाला होणाऱ्या विषबाधेचा. मधमाशीचं गणित वेगळं. हेक्टरी सक्रिय घटकाचे ग्रॅम घ्या, त्याला स्पर्शाच्या एलडी-५० ने (अंगाला लागून निम्म्या माश्या मारणारी मात्रा, मायक्रोग्रॅम प्रति माशी) भागा. उत्तर ५० च्या वर गेलं की धोका धराच. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घ्या: २५ ग्रॅम, भागिले ०.०८१: तीनशेच्या वर! शिवाय ते आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं, मकरंदात-परागात उतरतं. म्हणजे संध्याकाळी फवारलं तरी सुटका नाही. स्पिनोसॅडही ओलं असताना जहालच, पण वाळल्यावर धोका बराच उतरतो. बियाण्याच्या कांद्यावर फुलकिड्यांसाठी शेजारचे शेतकरी स्पिनोसॅड मारणार असतील तर सूर्यास्तानंतरच मारायला सांगा. मधपेटीच्या दाराशी सोंड बाहेर आलेल्या मेलेल्या माश्यांचा सडा दिसला, तर आधी शेजारची फवारणी विचारा.